केबिनच्या छतावरचे चार दिवे: जाणारी वायर आणि परत येणारी वायर

प्रश्न थोडक्यात असा आहे. २४ व्होल्टचा ट्रक, केबिनच्या छतावर पाइप बसवून त्यावर ७० वॅटचे चार हॅलोजन स्पॉटलाइट. डॅशबोर्डमागून करंट घेतला, मध्ये एक साधा स्विच, तिथून १.५ स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर जाडीची) वायर वर नेली आणि अर्थ, म्हणजे करंट परत जाण्याची जोडणी, छतावरच्या पाइपलाच स्क्रूने दिला. आता स्विच इतका तापतो की त्याचं प्लॅस्टिक मऊ पडलंय. दिवे पिवळट लागतात. आणि सगळ्यात चक्रावणारी गोष्ट म्हणजे स्पॉट लावले की बंद असलेल्या मार्कर दिव्यांत (छतावरच्या छोट्या खुणेच्या दिव्यांत) धुगधुगी येते. इंजिन चालू असताना बॅटरीवर २७.८ व्होल्ट मिळतात, दिव्याच्या दोन वायरींमध्ये २२. विचारणा अशी की वायर जाड करू, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावू की सगळं काढून एलईडी बसवू?

वायर जाड करण्याआधी जरा आकडेमोड करू, कारण तुम्ही दिलेल्या दोन आकड्यांतच बहुतेक उत्तर आहे. चार दिव्यांचा मिळून करंट साधारण ११ अँपिअर. तांब्याच्या एक मीटर लांब, एक चौरस मिलिमीटर वायरचा रोध ०.०१७५ ओहम. वायर ८ मीटर धरली तर १.५ स्क्वेअरमध्ये ११ × ८ × ०.०१७५ भागिले १.५, म्हणजे जेमतेम एक व्होल्ट पडतो. तुमचे तर ५.८ व्होल्ट गायब आहेत. वायर बारीकच आहे, बदलायची आहेच, पण पावणेपाच व्होल्ट दुसरीकडे कुठेतरी खर्च होताहेत. एवढ्यावर नुसती वायर बदलली असती तर दिवे तसेच पिवळट राहिले असते आणि तुम्ही दिव्यांना दोष दिला असता.

त्यातला काही भाग स्विचमध्ये आणि डॅशबोर्डमागच्या जोडांत आहे. स्विचच्या संपर्कावर एक व्होल्ट पडत असेल तर ११ अँपिअरला तिथे ११ वॅट उष्णता तयार होते. २५ वॅटच्या डागणीने आपण सोल्डर वितळवतो, त्याच्या जवळपास निम्मी उष्णता काडेपेटीपेक्षा लहान प्लॅस्टिकच्या डबीत कोंडली तर दुसरं काय होणार? पण मोठा वाटेकरी स्विच नाही, अर्थ आहे. आणि ते तुमच्या मार्कर दिव्यांनीच सांगितलंय.

ती धुगधुगी कशी येते ते समजून घ्या, म्हणजे पुढे कुठल्याही गाडीत असा प्रकार दिसला की बोट बरोबर जागेवर जाईल. स्पॉट आणि मार्कर, दोघांचाही अर्थ त्या पाइपवर किंवा त्याच्या आसपासच्या पत्र्यावर आहे. पाइप रंगवलेला, खाली रबरी पॅड, बोल्टभोवती गंज. स्पॉटमधून आलेल्या ११ अँपिअरला परत जायला वाट अरुंद आहे, त्यामुळे तो पाइपच बॅटरीच्या निगेटिव्हपेक्षा तीन-चार व्होल्टने वर चढून बसतो. मार्करच्या फीडची, म्हणजे करंट आणणारी, वायर खाली मागच्या लाल दिव्यांना आणि नंबर प्लेटच्या दिव्याला जोडलेली असते आणि त्या दिव्यांचा अर्थ चेसिसवर पक्का असतो. करंटला ती वाट सापडते: पाइपवरून मार्करच्या फिलामेंटमध्ये उलटा शिरतो, फीडच्या वायरने खाली येतो आणि मागच्या दिव्यांतून चेसिसला जातो. मार्कर एलईडीचे असते तर उलट्या दिशेने पेटले नसते आणि ही खूण तुम्हाला मिळालीच नसती.

माझ्याकडे येणाऱ्या अशा गाड्यांमध्ये बहुतेकदा हेच निघतं. जाणारी वायर माणूस प्रेमाने घालतो, तिला फ्यूज देतो, स्लीव्ह देतो. परत येणाऱ्या करंटसाठी मात्र एक स्क्रू आणि पत्रा. दिव्यात जेवढा करंट जातो तेवढाच परत येतो, कणभरही कमी नाही. त्यामुळे काळ्या वायरला लाल वायरएवढंच तांबं द्यायचं आणि तेवढ्याच काळजीने तिचं टोक बसवायचं.

काहीही खोलण्याआधी हे तपासून बघा. इंजिन चालू, स्पॉट चालू. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळी टोकणी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि लाल टोकणी दिव्याच्या काळ्या वायरवर लावा. टोकणीची वायर छतापर्यंत पोहोचणार नाही, तेव्हा एक लांब वायर मध्ये जोडून घ्या, मीटरला त्याने फरक पडत नाही. वाचन ०.४ व्होल्टच्या आत हवं. तुमच्याकडे ते तीनच्या पुढे निघेल असा माझा अंदाज आहे. मग तसंच पॉझिटिव्ह बाजूला: एक टोकणी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी दिव्याच्या लाल वायरवर. दोन्ही वाचनांची बेरीज बॅटरीवरच्या आणि दिव्यावरच्या व्होल्टेजच्या फरकाएवढी आली पाहिजे. या तपासणीत दिवे चालूच हवेत. दिवे बंद ठेवून ओहमवर अर्थ तपासणं फसवं असतं, कारण वायरचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर शून्याच्या जवळ दाखवतो आणि भार आला की तोच धागा धाप टाकतो.

थोड्या व्होल्टसाठी एवढा खटाटोप कशाला, असं वाटत असेल तर हॅलोजनचा स्वभाव बघा. त्याचा प्रकाश व्होल्टेजच्या सुमारे ३.४ घाताच्या प्रमाणात बदलतो. ५ टक्के व्होल्टेज कमी झालं की १५-१६ टक्के प्रकाश गेला, १० टक्के गेलं की ३० टक्के गेला. तुमच्या २२ व्होल्टला चारही दिवे निम्म्याहून कमी प्रकाश देताहेत. म्हणजे दोन दिवे नीट वायरिंगवर लावले असते तर आत्ताच्या चारांपेक्षा जास्त उजेड पडला असता. ही गोष्ट उलट बाजूनेही खरी आहे: व्होल्टेज ५ टक्के वाढलं की बल्बचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. वायरिंग सुधारल्यावर बल्ब आधीपेक्षा लवकर जायला लागले तर मला शिव्या देऊ नका, ते काम नीट झाल्याचं लक्षण आहे.

आता नवीन जोडणी. मी एक नाही, दोन रिले लावतो, दोन-दोन दिव्यांच्या जोडीला एक. एक रिले किंवा एक फ्यूज रात्री गेला तर निदान दोन दिवे राहतात. प्रत्येक जोडीचा करंट ६ अँपिअरच्या आसपास, त्यामुळे प्रत्येकीला १० अँपिअरचा वेगळा फ्यूज. रिलेपासून छतापर्यंत २.५ स्क्वेअर, लाल आणि काळी दोन्ही. बॅटरीपासून छतापर्यंत पूर्ण ८ मीटर २.५ स्क्वेअर धरली तरी जाऊन-येऊन सुमारे ०.७ व्होल्ट पडतो, अडीच टक्क्यांच्या आत. चारही दिवे एकाच वायरवर घ्यायचेच असतील तर मात्र ४ स्क्वेअरच्या खाली जाऊ नका.

वायर विकत घेताना एक धागा ब्लेडने खरवडून बघा. वरून तांबडा आणि आतून रुपेरी निघाला तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर आहे. तिचा रोध दीडपटीहून जास्त आणि क्रिंपखाली (दाबून बसवलेल्या जोडात) ती हळूहळू सैल होते. (टिन लावलेल्या तांब्याचं उलट असतं, ते बाहेरून रुपेरी आणि आतून तांबडं.)

मुख्य फीड कुठून घ्यायचा हा प्रश्न वायरच्या जाडीपेक्षा महत्त्वाचा. बऱ्याच ट्रकमध्ये केबिनच्या फ्यूज बोर्डावर जादा उपकरणांसाठी कंपनीनेच एक जाड फीड आणि शेजारी अर्थचा स्टड दिलेला असतो. गाडीच्या पुस्तकात तो आणि त्याची क्षमता सापडली तर तोच वापरा. रिले तिथेच बोर्डामागे कोरड्या जागेत बसतात आणि बॅटरीपासून केबिनपर्यंत नवी वायर ओढावी लागत नाही. तसं नसेल तर बॅटरीवरून ६ स्क्वेअरची एक वायर आणि तिच्या जोडीने तेवढीच जाड अर्थची वायर वर घ्या. बॅटरीच्या खांबापासून वीतभर अंतरात २५ अँपिअरचा फ्यूज टाका. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो, दिव्याला नाही. फ्यूज आणि बॅटरी यांच्यामधला तुकडा कायम बेवारस असतो, म्हणून तो जितका आखूड तितका बरा.

हा धडा मी फुकटात शिकलेलो नाही. धंद्यात नवा असताना एका गाडीला मी फ्यूज वर, रिलेच्या शेजारी लावला होता, बदलायला सोयीचा म्हणून. वायर केबिनच्या मागून सरळ खाली आणून टायने घट्ट बांधली. दिसायला देखणं काम. काही दिवसांनी इंजिनाच्या कामासाठी कुणीतरी केबिन पुढे कलवली. वायर ताणली गेली, चेसिसच्या कडेवर तिचं आवरण चिरलं आणि केबिन परत बसताना ती खाली चेपली. तेव्हा काहीच झालं नाही. पुढच्या खड्ड्यांच्या रस्त्यावर धूर आला. फ्यूज शाबूत होता, कारण शॉर्ट फ्यूजच्या अलीकडे झाला होता. चालकाने बॅटरीचा मेन स्विच वेळेवर बंद केला म्हणून गाडी वाचली. तेव्हापासून दोन नियम पाळतो: फ्यूज बॅटरीजवळ, आणि केबिन कलणारी असेल तर वायर बिजागराच्या जवळूनच न्यायची, जिथे कंपनीचा हार्नेस (वायरींचा जुडगा) जातो. तिथे हालचाल सगळ्यात कमी असते. तिथे सैल वळसा ठेवायचा आणि टाय आवळण्याआधी केबिन एकदा पूर्ण कलवून, परत बसवून बघायची. ब्रेकच्या हवेच्या पाइपला किंवा डिझेलच्या नळीला वायर बांधायची नाही, ती कितीही सोयीची दिसली तरी.

कलणाऱ्या केबिनचा अर्थाशीही संबंध आहे. केबिन रबरी माउंटिंगवर बसलेली असते, म्हणजे चेसिसपासून विजेच्या दृष्टीने तुटलेली. दोघांना जोडणारी एक विणलेली पट्टी असते. ती गंजली किंवा कुणी काढून ठेवली तर केबिनचा सगळा करंट गिअरच्या केबलीतून किंवा मिळेल त्या धातूच्या वाटेने घरी जातो. तुमच्या गाडीत ती पट्टी बघाच. छत फायबरचं असेल तर तिथे अर्थ मिळण्याचा प्रश्नच नाही. पत्र्याचं असलं तरी मी चारही काळ्या वायरी खाली आणून अर्थच्या स्टडवरच देतो. रंग खरवडून, टिन केलेली थिंबल (वायरच्या टोकाला बसणारी धातूची कडी), दातेरी वॉशर आणि वरून ग्रीसचा हात.

रिले २४ व्होल्टचाच घ्या. डबी तीच, पाय तेच, म्हणून १२ व्होल्टचा सहज बसतो आणि चालतोही, काही वेळ. दुप्पट व्होल्टेजला कॉइल चौपट तापते आणि जळते. दुसरी गंमत रेटिंगची: १२ व्होल्टला ४० अँपिअर पेलणारा रिले २४ व्होल्टच्या रूपात साधारण २० अँपिअरचाच असतो, कारण जास्त व्होल्टेजला संपर्क सुटताना ठिणगी लांबते. शिवाय थंड फिलामेंटचा रोध तापलेल्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो, त्यामुळे दिवा लागण्याच्या क्षणी दसपट करंटचा झटका बसतो. संपर्क चिकटला तर डिप्पर मारला (हेडलाइटचा झोत खाली घेतला) तरी स्पॉट जळतच राहतात आणि समोरच्याचे डोळे जातात. ६ अँपिअरवर हे टळतं.

रिलेच्या पायांवर आकडे असतात. ३० ला फ्यूजमधून आलेला फीड, ८७ वरून दिव्यांना, ८५ आणि ८६ ही कॉइलची टोकं. पाच पायांच्या काही रिलेत मधोमध ‘८७ ए’ असतो. तो कॉइल बंद असताना जोडलेला असतो, म्हणून त्यावर वायर दिली तर उलटा कारभार होतो, स्विच बंद केला की दिवे लागतात. कॉइलला समांतर डायोड असलेला रिले घेतलात तर दिशा पाळा. पॉझिटिव्ह ८६ ला, अर्थ ८५ ला. उलटं जोडलं तर तो सरळ शॉर्ट.

कॉइलचा करंट अप्परच्या (हेडलाइटच्या लांब झोताच्या) वायरवरून घ्यायचा: अप्परची वायर, तिथेच जवळ ३ अँपिअरचा फ्यूज, मग डॅशबोर्डवरचा स्विच, मग दोन्ही रिलेंचे ८६. त्यामुळे अप्पर लावला आणि स्विच चालू असला तरच स्पॉट लागतात आणि डिप्परला बोट लागताच सगळे एकदम बंद होतात. समोरून वाहन आल्यावर दोन वेगवेगळी बटणं शोधायला वेळ नसतो. या वायरला ०.७५ स्क्वेअर पुरते.

नव्या, मॉड्यूलवर (इलेक्ट्रॉनिक नियंत्रण पेटीवर) चालणाऱ्या गाड्यांत मात्र अप्परच्या वायरला हात लावण्याआधी थांबा. तिथे हेडलाइटला सलग करंट न देता सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून देतात. त्यावर रिले गुणगुणतो आणि लवकर मरतो, नाहीतर मॉड्यूल बल्बची चूक दाखवतं. अशा गाड्यांना जादा दिव्यांसाठी वेगळं आउटपुट असतं, कधी ते सर्व्हिसच्या संगणकाने चालू करून घ्यावं लागतं. बल्बवाला टेस्ट लॅम्पही तिथे लावू नका, मीटर वापरा. आणि वायरला चिमटा मारून फीड घेणारे ते निळे-लाल क्लिप माझ्या टेबलावर येऊ देत नाही मी. आत पाणी शिरतं, धागे हिरवे पडतात आणि सहा महिन्यांनी तुमचा नाही, तर मूळ हेडलाइटच बंद पडतो.

जोड क्रिंप करा, तेही दातेरी लॉकच्या पकडीने, वरून गोंद असलेली हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी). सोल्डर मला आवडतं, पण ट्रकवर नाही. ते धाग्यांमधून वर चढतं आणि जिथे संपतं तिथे वायर ताठ होऊन थरथरीने तुटते. छताला नवं भोक पाडण्याऐवजी असलेलं ग्रोमेट (भोकातली रबरी कडी) शोधा. पाडावंच लागलं तर कडा घासून गंजरोधक प्राइमर लावा, ग्रोमेट बसवा आणि वायरला बाहेर एक खालचा वळसा द्या, म्हणजे पाणी वायरवरून ओघळत आत न येता त्या वळशातून टपकून जाईल.

दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून १२ व्होल्ट काढून १२ व्होल्टचे स्वस्त दिवे लावण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. ऐकू नका. एकाच बॅटरीतून करंट जातो, पण चार्जिंग दोघींना सारखंच मिळतं. एक कायम उपाशी राहते, दुसरी उकळते, आणि दोन्ही बदलाव्या लागतात.

एलईडीचं म्हणाल तर तो चांगला पर्याय आहे, पण या आजारावरचं औषध नाही. एलईडीचा ड्रायव्हर सारखी शक्ती ओढतो, त्यामुळे व्होल्टेज पडलं की तो करंट वाढवतो. खराब अर्थावर दिवा पिवळा पडत नाही, अर्थ मात्र तापतच राहतो आणि एक दिवस दिवे लुकलुकायला लागतात. घेतलेच तर ३२ व्होल्टपर्यंत चालणारे आणि अल्टरनेटरच्या उसळीपासून संरक्षण असलेले घ्या. चालत्या इंजिनावर बॅटरीची वायर सुटली तर २४ व्होल्टच्या गाडीत क्षणभर शंभराच्या वर व्होल्ट जाऊ शकतात. हलके ड्रायव्हर रेडिओत खरखर करतात ती वेगळीच.

लावून झाल्यावर निशाणा साधायला विसरू नका. ३.२ मीटर उंचीवरचा दिवा सरळ आडवा ठेवला तर त्याचा मध्य रस्त्याला कधी लागतच नाही. १५० मीटरवर पाडायचा तर उतार २.१ टक्के, म्हणजे १० मीटर लांबच्या भिंतीवर प्रकाशाचा मध्य दिव्याच्या उंचीपेक्षा २१ सेंटिमीटर खाली. बंपरवर ०.८ मीटरला असलेल्या दिव्याला तेच काम ५ सेंटिमीटरमध्ये होतं. छतावरच्या दिव्यांचा एक दोष कुठल्याही वायरिंगने जात नाही: ते चालकाच्या डोळ्यांच्या रेषेजवळ असतात. धुकं, धूळ, पाऊस यांवरून उजेड थेट परत डोळ्यांत येतो. रस्त्याकडेच्या पाट्याही प्रकाश आला त्याच दिशेला परत धाडतात, त्यामुळे हेडलाइटने नुसती वाचता येणारी पाटी या दिव्यांनी डोळे दिपवते. दोन दिवे बंपरवर आणले तर माझी हरकत नाही, उलट आग्रह आहे.

कायद्याचं तुमच्या गाडीच्या नोंदणीप्रमाणे बघा. संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक ४८ जिथे लागू आहे तिथे एकाच वेळी लागणाऱ्या सगळ्या अप्पर दिव्यांच्या संदर्भांकांची (झोताची तीव्रता सांगणाऱ्या अंकांची) बेरीज १०० च्या आत हवी, म्हणजे ४,३०,००० कँडेला. हा अंक दिव्याच्या काचेवर मान्यतेच्या खुणेजवळ असतो. ३७.५ चे चार दिवे म्हणजे १५०, आणि मूळ हेडलाइट अजून मोजलेलेच नाहीत. तो अंक दिवे घेण्याआधी वाचा.

जुना स्विच वापरू का, हे शेवटी विचारलंय. दोन रिलेंच्या कॉइलचे मिळून ०.१६ अँपिअर, म्हणजे त्याच्या दृष्टीने आता काहीच भार नाही. पण एकदा मऊ पडलेल्या प्लॅस्टिकमध्ये आतली स्प्रिंग जागेवर राहत नाही. तो टाकून द्या.